एस्तेरबाईंचे तेवीस स्वेटर

मी आफ्रिकेत जाऊन आलो असं म्हटलं की लोक पहिल्यांदा सिंहाचं विचारतात. सिंह दिसला नाही. मग विचारतात, "बरं, जाऊन केलंत काय?" आता आम्ही पाच जण गेलो होतो ते सेवा करायला. मंडळीच्या वहीत, माझ्याच अक्षरात, 'सेवापथक' असा शब्द आहे. त्यातल्या चौघांनी काय केलं ते सांगायला मला अर्धा तास लागतो. मी काय केलं ते एका वाक्यात आटपतं, म्हणून ते मी शेवटाकडे ठेवलंय.

आमची मंडळी म्हणजे परळच्या एका गल्लीतल्या लहानशा चर्चचे लोक. बहुतेक गिरणीवाले, दोनचार नर्सेस, एक सुतार, एक रंगारी आणि इंग्रजी लिहिता येतं म्हणून चिटणीस केलेला मी, शांतवन केदारी. या मंडळीला दरवर्षी विलायतेहून नाताळची पेटी येते. माझ्या आजोबांच्या काळापासून येते. पेटीत लोकरीचे स्वेटर, लोकरीचे मफलर, कान झाकणाऱ्या लोकरीच्या टोप्या. कुठल्याशा गावातल्या चर्चमधल्या बायका वर्षभर विणतात आणि आमच्यासाठी पाठवतात. नाताळची पेटी बोटीनं, गोदीनं, कस्टमनं फिरत फिरत आमच्याकडे पोचते मे महिन्यात.

आणि पेटी आली की फोटो. पाठवणाऱ्यांना फोटो जायला हवा, हा नियम. भर मे महिन्यात, भर दुपारी (उजेड चांगला असतो म्हणून) सगळी मंडळी आवारात स्वेटर, मफलर, टोप्या घालून ओळीनं उभी राहायची आणि हसायची. एकतीस सालच्या फोटोत दुसऱ्या रांगेत एक मोकळी जागा दिसते. ती माझी. मी आठ वर्षांचा होतो, डोक्यावर पोपटी रंगाची कानटोपी होती, आणि फोटोवाल्यानं "हलू नका" म्हटल्याबरोबर मी खाली गेलो. फोटोत माझा फक्त एक बूट आलाय.

मोठा झाल्यावर फोटोबरोबरचं आभाराचं पत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. "आपल्या उबदार भेटीमुळे येथील कडक हिवाळा आम्हांस सुसह्य झाला," हे वाक्य मी सलग अकरा वर्षं लिहिलंय. परळचा कडक हिवाळा! पण लिहिणारच ना? त्या बायकांनी इतकं केलं, त्यांना काय 'आम्ही घामानं भिजलो' असं कळवायचं?

सत्तावन्न सालच्या दिवाळीच्या सुमारास मिससाहेबांचं पत्र आलं. मिससाहेब म्हणजे मिशनच्या विलायती बाई. पूर्वी बरीच वर्षं आमच्याकडे होत्या, मराठी आमच्यासारखं बोलायच्या, आणि पुढेपुढे आमचे फोटोही त्याच काढायच्या. आता त्यांची बदली आफ्रिकेत, दारेसलाम बंदराजवळच्या एका खेड्यात झाली होती. तिथल्या दवाखान्याचं छप्पर पावसानं बसलंय, शाळेच्या भिंती उघड्या आहेत, हात कमी आहेत, असं त्यांनी सहज लिहिलं होतं.

रामदास पाळकांनी, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांनी, ते पत्र उपासनेनंतर वाचून दाखवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आपण किती वर्षं पेट्या घेतल्या? मोजा. आता एक आपण नेऊ या."

आमच्या मंडळीत 'परदेशी जाणं' म्हणजे वारल्यावरच्या प्रवासाच्या जवळपासची गोष्ट. पण पाळक बोलले आणि कोणाला काय झालं कोण जाणे, लोकांनी मान डोलावली. भाड्याची सोय कशी झाली त्याचा पाढा वाचत नाही, झाली. पाच जण ठरले. गिरणीत सुतारकाम करणारे शामराव, रंगारी दत्ताराम, इस्पितळातली नर्स चंपा, स्वतः पाळक, आणि पत्रव्यवहारासाठी मी.

एस्तेरबाईंनी पहिल्या दिवशी हात वर केला होता. एस्तेरबाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तीस वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात उभ्यानं काम. तिथे सूत गुंडाळताना धागा तुटला की क्षणात गाठ मारायची, आणि गाठ दिसता कामा नये. आता डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघ्यांत संधिवात. पाळक हळूच म्हणाले, "बाई, अकरा दिवसांची बोट आहे, तीही डेकवरची."

"बरं," एस्तेरबाई म्हणाल्या. "मग मी नाही, पण माझे स्वेटर जातील."

मी माझ्या मुलीच्या शाळेच्या नकाशात दारेसलाम शोधून ठेवलं होतं. विषुववृत्ताच्या खाली बोटभर. मी उठून तसं सांगितलं. "तिथं मुंबईसारखाच उकाडा असणार. स्वेटर कशाला?"

सगळ्या मंडळीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू पवित्र शास्त्रातलं पान फाडलं.

"आणि आपल्याला पेटी येते ती?" एस्तेरबाई म्हणाल्या. "मुंबई काय हिमालयात आहे? सेवा करणारे स्वेटर देतात. आपल्याला नाही का दिले?"

मी खाली बसलो. माझी बायको वासंती कानाशी पुटपुटली, "कशाला तोंड घालता? त्यांचं मन मोडतं ना."

लोकर कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. मंडळीतल्या प्रत्येक ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले वीस-वीस वर्षांचे विलायती स्वेटर होते, टोप्या होत्या. ते सगळं एस्तेरबाईंच्या खोलीत येऊन पडलं. त्यांनी ते उसवलं, लोकर धुतली, गॅलरीत वाळत घातली. त्या आठवड्यात त्यांच्या चाळीचा दुसरा मजला रंगीत दिसत होता. मग त्या विणायला बसल्या. जुनी लोकर, जागोजाग तुटायची. पण तीस वर्षांची सवय. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी बोटं गाठ मारून पुढे जायची. दोन महिन्यांत तेवीस स्वेटर झाले.

इकडे माझ्या हापिसात वेगळाच दरबार. आमचे हेडक्लार्क मनमोहनराव, गिरगावातले सात पिढ्यांचे मुंबईकर. त्यांचे काका सत्तावीस साली विलायतेला जाऊन आलेले, त्यामुळे परदेशाचा विषय त्यांच्या घरच्या मालकीचा. "केदारी, परदेश म्हणजे गारठा. काका सांगायचे, अंघोळीचं पाणी गोठायचं."

"पण साहेब, आफ्रिका—"

"आफ्रिका काय मुंबई इलाख्यात आहे का? परदेशच ना? मग!" आणि त्यांनी काकांचा ओव्हरकोट माझ्या टेबलावर ठेवला. तो कोट उचलायला मला दोन्ही हात लागले.

पासपोर्टचा फॉर्म मनमोहनरावांनीच सुवाच्य अक्षरात भरून दिला. तो घेऊन घरी आलो तर शेजारचा कोंडीराम दारात उभा. कोंडीराम गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर काम करणारा, मागच्याच्या मागच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध झालेला, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्च्यात पुढच्या रांगेत. त्यानं फॉर्म खालून वर वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"राज्य, मुंबई? केदारी, हे मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य मोडायला आम्ही डोकी फोडून घेतोय, आणि तू सरकारी कागदावर ते पक्कं करतोस?"

"अरे पण आज तरी राज्याचं नाव तेच आहे ना?"

"आज! तुझा पासपोर्ट काय आजच्यापुरता आहे?"

एव्हाना गॅलरीत अर्धी चाळ जमली होती. कोणी म्हणालं केदारीला घाबरायला होतं, कोणी म्हणालं तो शांतवनच आहे, त्याच्याकडून काय होणार. माणसाला काही मानअपमान असतो की नाही? मी टाक उचलला, 'बॉम्बे' खोडलं आणि ठळक अक्षरात 'महाराष्ट्र' लिहिलं. गॅलरीत टाळ्या पडल्या. पोरांनी घोषणा दिल्या. त्या संध्याकाळी माझ्या चहात बायकोनं वेलदोडा घातला होता.

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट कचेरीच्या खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म पाहिला आणि विचारलं, "हे राज्य कुठे आहे?"

"आहे... म्हणजे व्हायचंय," मी म्हणालो.

"मग झाल्यावर या." त्यानं फॉर्म परत सरकवला. मी उभाच राहिलो. तीन तास रांगेत काढले होते. त्यानं डावीउजवीकडे पाहिलं, एक कोरा फॉर्म माझ्या हातात दिला आणि आवाज खाली आणला. "मी पण लालबागचाच आहे, राव. मनात महाराष्ट्र ठेवा आणि कागदावर बॉम्बे लिहा. बोट चुकवू नका."

मी तसं केलं. कोंडीरामला मात्र हे आजतागायत सांगितलेलं नाही.

निघायच्या दिवशी गोदीवर सगळी मंडळी आली. एस्तेरबाईही आल्या, टॅक्सीत बसायचं कबूल न करता ट्रामनं. स्वेटरांची ट्रंक कोंडीरामनं आपल्या खांद्यावर आणली होती. एस्तेरबाईंनी मला बाजूला घेतलं.

"शांतू, एकच काम कर. कोणी घातला का, एवढं बघून ये."

"घालतील की बाई."

"तसं नको!" त्यांनी माझं मनगट धरलं. "तू पत्रात लिहितोस ना, गोड गोड, तसं मला सांगू नको. आयुष्यभर लोकांची लोकर अंगावर घेतली रे. एकदा आपली कुणाच्या अंगावर गेली की नाही, ते मला खरं कळलं पाहिजे. कोणी नाही घातला तरी सांग. मी काय रडणार नाही."

मी हो म्हणालो. ट्रंकेकडे बघणं मात्र टाळलं. कारण मला नकाशा ठाऊक होता.

बोटीबद्दल मी काय सांगू? मी पस्तीस वर्षं मुंबईत काढली, समुद्र म्हणजे चौपाटीवर भेळ खाताना समोर दिसतो तो, असं समजत होतो. तिसऱ्या दिवशी डेकवर उभा राहिलो तर चारी बाजूंना नुसतं पाणी. मला हापिसची, हजेरीच्या वहीची, मनमोहनरावांची आठवण आली, आणि ते सगळं इतकं लहान वाटलं की मी कठड्याला घट्ट धरलं. शामराव शेजारी येऊन उभे राहिले. गिरणीच्या आवाजात जन्म गेलेला माणूस, मोठ्यानंच बोलायचा. त्या दिवशी कुजबुजला, "केदारी, हे सगळं कुणी बघायचं म्हणून केलं असेल?" आम्ही दोघं जेवणाची घंटा होईपर्यंत तिथेच उभे होतो.

दारेसलामला उतरलो तेव्हा उकाड्यानं शर्ट पाठीला चिकटला. मनमोहनरावांच्या काकांचा कोट माझ्या हातावर होता. हमाल त्याच्याकडे पाहत होते. लॉरीनं तीन तास माडांच्या बनातून गेलो आणि खेडं आलं. आमच्या कोकणासारखंच, वाळू, नारळ, झावळ्यांची घरं. पण सारा गाव रस्त्यावर उभा राहून गात होता. चाल आमचीच! नाताळात परळला गातो ती, अगदी तीच, फक्त शब्द त्यांचे. आम्ही लॉरीतूनच मराठीत सुरुवात केली. दोन्ही बाजूंना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि एकही सूर चुकत नव्हता. दत्ताराम रंगारी ढसाढसा रडला. मीही रडलो, पण माझ्या हातात कोट असल्यामुळे डोळे पुसायची सोय होती.

शाळेचे योना मास्तर इंग्रजी बोलत. त्यांनी विचारलं, "तुमचं राज्य कुठलं?"

इथे खिडकीतला कारकून नव्हता. मी छाती काढून म्हणालो, "महाराष्ट्र. म्हणजे, अजून व्हायचंय."

योना मास्तरांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "आमचा देशही व्हायचाय," ते म्हणाले. तिथे अजून इंग्रजांचं राज्य होतं. आम्ही दोघं बरोबरच शाळेकडे निघालो, न झालेल्या ठिकाणचे दोन रहिवासी.

दुसऱ्या दिवशी पाळकांनी ट्रंक उघडली. तेवीस स्वेटर तेवीस जणांना दिले. लोकांनी ते दोन्ही हातांनी घेतले, लोकर गालाला लावून पाहिली, मान लववली आणि घरी गेले. मी पाहत होतो. कोणीही घातला नाही. कोण घालील? एस्तेरबाईंना काय सांगायचं याचा मी मनात मसुदा करू लागलो.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून माझं अंग मोडून आलं होतं. कामाचा पहिला दिवस म्हणून मी कोणाला बोललो नाही. शामराव छपरावर चढले, दत्तारामनं चुना कालवला, मला एक कुंचला दिला. इतक्यात मिससाहेब गळ्यात कॅमेरा अडकवून आल्या. "दुपारी बारा वाजता सगळे आवारात या. उजेड चांगला आहे."

मी आवारात गेलो आणि जागच्या जागी थबकलो.

सगळे आले होते. ओळीनं. तेवीसच्या तेवीस जण स्वेटर घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. कपाळावरून घाम ओघळत होता. आणि सगळे हसत होते. ते हसू मी ओळखतो हो! ते माझ्या आईचं हसू होतं, आजोबांचं होतं, अकरा वर्षं मी पाकिटात घालून पाठवलेलं होतं. हजारो मैलांवर, दुसऱ्या खंडात, तेच हसू! दुसऱ्या रांगेत आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा डुलायला लागलेला मला दिसला. मला ओरडायचं होतं, काढा, काढा ते, देवाशपथ काढा.

पण माझे दात वाजत होते. मला वाटलं भावना अनावर झाली. मग गुडघे वाजायला लागले. त्या भट्टीसारख्या उन्हात मला हुडहुडी भरली होती. कुंचला हातातून पडला. मिससाहेब म्हणाल्या, "हलू नका," आणि मी, एकतीस सालाप्रमाणेच, खाली गेलो.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. ओळ मोडली. "पोले, पोले," असं सगळे म्हणत होते, म्हणजे आपण 'अरेरे' म्हणतो तसं. मी थंडीनं उडत होतो. एका म्हाताऱ्या बाईनं, तिचं नाव मरियामू, आपला स्वेटर काढून माझ्या अंगावर टाकला. मग योना मास्तरांनी टाकला. मग ज्यानं त्यानं. एकावर एक तेवीस स्वेटर माझ्यावर पडले, त्यांच्या अंगाची ऊब अजून त्यांत होती. सगळ्यांत वर नाकाशी आलेल्या स्वेटरला एक पोपटी पट्टा होता. मी तो पोपटी रंग कुठेही ओळखीन. माझी एकतीस सालची कानटोपी. कुठल्या गावच्या बाईनं विणली, परळला मला घेऊन आडवी झाली, एस्तेरबाईंनी उसवली, समुद्र ओलांडून आली, आणि आता मला पांघरूण घालत होती. मी तापात होतो हे कबूल, पण ताप उतरल्यावरही मला त्याचं नवल वाटणं थांबलेलं नाही.

मलेरिया. चंपानं दिवस मोजले आणि जाहीर केलं, "हा इथला नाही. डास चावून ताप यायला दोन आठवडे जातात. केदारीसाहेबांनी हा परळहूनच आणलाय." बघा म्हणजे! माणूस आफ्रिकेत जाऊन आजारी पडतो, तोही ताप स्वदेशी.

तीन आठवड्यांत शामरावांनी छप्पर घातलं, दत्तारामनं शाळा पांढरीशुभ्र केली, चंपानं दवाखाना चालवला, पाळकांनी विटा वाहिल्या. मी झोपलो. ते एक वाक्य म्हणालो होतो ना, ते हेच. माझी सेवा साऱ्या गावानं केली. मरियामू रोज येऊन उशाशी बसायची. तिनं एकदा स्वेटर उलटा करून बोटं फिरवली. एक गाठ सापडली, दुसरी, विसावी. तिनं स्वेटर सुलटा केला, गाठ कुठेच दिसेना. तिनं परत उलटा केला, परत सुलटा. मग मिससाहेबांना काहीतरी विचारलं.

"विचारतेय, ही बाई कोण?" मिससाहेब म्हणाल्या.

मी सांगितलं. तीस वर्षं धागे जोडले, आता डोळ्यांना दिसत नाही. मरियामूनं ऐकून घेतलं आणि निघायच्या दिवशी माझ्या हातात एक पंखा दिला, माडाच्या पातीचा, बारीक विणीचा. तो एस्तेरबाईंसाठी.

परत आल्यावरच्या रविवारी मी अहवाल वाचला. एस्तेरबाई पहिल्या बाकावर होत्या. अहवालात छप्पर होतं, चुना होता, गाणं होतं. उपासना संपल्यावर त्या काठी टेकत आल्या.

"शांतू. घातला का कोणी?"

जिभेवर गोड वाक्य तयार होतं. मी ते गिळलं. "सगळ्यांनी घातला, बाई. फोटोसाठी."

त्यांना एका क्षणात कळलं. त्या स्वतः चाळीस फोटोंत उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "उकाडा होता ना रे तिथे," त्या म्हणाल्या. "तू सांगत होतास."

"होता. पण पुढचं ऐका." आणि मी सगळं सांगितलं. हुडहुडी, तेवीस स्वेटर, पोपटी पट्टा, मरियामू, गाठी. "मी थंडीनं मेलो असतो, बाई. तुमच्या लोकरीनं वाचलो. एकच माणूस वाचला आणि तोही परळचा, पण खरं तेच आहे."

एस्तेरबाईंनी पंखा हातात घेतला. दिसत नव्हतंच, त्यांनी बोटांनी वीण चाचपली, कडेपासून मध्यापर्यंत, दोनदा. "तिच्याही हातात कसब आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांना रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. "घातला म्हणायचा मग. अगदी गरज होती त्याला घातला."

त्या मेमध्ये नेहमीप्रमाणे पेटी आली. मफलर, टोप्या, स्वेटर. दुपारी बाराला सगळे आवारात. मी तपकिरी स्वेटर घातला, घाम सुटला, आणि सवयीनं वरची दोन बटणं मोकळी सोडली. फोटोवाला सरसावला. शेजारी एस्तेरबाई, जांभळ्या स्वेटरात, हातात तो पंखा.

"शांतू, बटणं लाव," त्या समोर बघत म्हणाल्या.

"उकडतंय हो बाई."

"लाव म्हणते ना. तिकडे कोणीतरी विचारत असेल, घातला का म्हणून."

मी गळ्यापर्यंत बटणं लावली.